ऑलिव्ह ऑईल: बाटली निवडण्यापासून पणतीपर्यंत

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही तीन वर्षं ग्रानादाला होतो, स्पेनच्या दक्षिणेला. तिकडून पुण्यात परत आल्यापासून मी आमच्या गोतावळ्यातली ऑलिव्ह ऑईलची ठरलेली तज्ज्ञ झालेय. नणंद मॉलमधून फोटो पाठवते, "वहिनी, दोन मिनिटात सांग, यातली कुठली घेऊ?" आणि फोटोत बारा बाटल्या, सगळ्यांवर हिरवी फांदी, सगळ्यांवर इटलीतलं कुठलंतरी गाव. दोन मिनिटात सांगता येत नाही म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते, पहिल्यांदा घेणाऱ्यांनी या क्रमानं वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं निम्मं काम होतं. शेंगदाणा, करडई, तीळ हे सगळं बियांचं तेल. ऑलिव्हचं तेल फळाचं. हिरवं-जांभळं फळ बियांसकट ठेचायचं, अर्धा-पाऊण तास मंद घुसळायचं, मग यंत्रात गरागरा फिरवून चोथा, पाणी आणि तेल वेगळं करायचं, संपलं. रसच झाला तो. आणि रस म्हटला की तो ताजा असतो किंवा शिळा असतो, तुपासारखा मुरत नाही, लोणच्यासारखा वर्षभर बरणीत सुधारत नाही. जेवढा जुना तेवढा वाईट.

ग्रानादाशेजारी हाएन जिल्हा आहे, तिथे ऑलिव्हची सहा कोटींवर झाडं आहेत म्हणतात आणि बसनं जाताना ते पटतं, दोन तास खिडकीबाहेर दुसरं काही दिसतच नाही. नोव्हेंबरात एकदा तिथल्या घाण्यावर गेलो होतो, आल्माथारा म्हणतात त्याला. माझ्या डोक्यात दगडी चाक, बैल, असलं काहीतरी चित्र होतं. प्रत्यक्षात चकचकीत स्टीलचा कारखाना, बाहेर ट्रॅक्टरची रांग. झाडाखाली जाळ्या पसरून काठीनं झोडपलेली फळं त्याच दिवशी आणून ओततात, कारण ढीग करून दोन-तीन दिवस ठेवली की आतून गरम होऊन आंबायला लागतात आणि तो आंबूस वास तेलात उतरतो तो उतरतोच. नळीतून तेल पडत होतं ते अक्षरशः पालकाच्या रंगाचं, गढूळ. पावाच्या तुकड्यावर घेऊन चाखलं तर आधी कापलेल्या गवताचा वास, मग कडू, मग दोन सेकंदांनी घशात असा ठसका की मला पाणी मागावं लागलं. घाणेवाला हसत होता. तो ठसका लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बाटलीवरचं वाचायला शिकू. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

दुकानात साधारण तीन जाती दिसतात. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे वर सांगितलं ते, नुसतं यंत्रानं काढलेलं, रिफाइन न केलेलं, ज्यात मोकळं आम्ल ०.८ टक्क्यापेक्षा जास्त नको आणि चव-वासात दोष नको. (हे आम्ल जिभेला आंबट वगैरे लागत नाही बरं का, ते प्रयोगशाळेत मोजायचं, फळ किती नीट हाताळलं त्याचा हिशोब असतो तो.) दुसरी जात, बाटलीवर नुसतं "ऑलिव्ह ऑईल" किंवा "प्युअर" किंवा "क्लासिक" लिहिलेलं. प्युअर शब्दाला आपण फार भुलतो. हे बिघडलेलं किंवा हलक्या प्रतीचं तेल रिफाइन करून, म्हणजे वास-चव-रंग काढून टाकून, मग त्यात थोडं चांगलं तेल मिसळून केलेलं असतं. वाईट नाही, पण नैसर्गिक म्हणून घेत असाल तर हे ते नव्हे. "लाइट" लिहिलंय तेही याच घराण्यातलं, लाइट म्हणजे चवीला हलकं, कॅलरी तेवढ्याच, एका मोठ्या चमच्याला १२० च्या आसपास. माझी एक मैत्रीण लाइट आहे म्हणून दुप्पट ओतायची.

तिसरी पोमेस. तेल काढून झाल्यावर उरतो तो चोथा, आपल्या भाषेत पेंड म्हणा, त्यातलं उरलंसुरलं तेल सॉल्व्हंट घालून काढतात, रिफाइन करतात, आणि चवीपुरतं व्हर्जिन मिसळतात. आपल्याकडे हे "भारतीय स्वयंपाकासाठी खास" म्हणून खपवतात. खाल्लं म्हणून काही होत नाही, तळणाला चालतंही, पण पेंडीच्या तेलाला एवढे पैसे मोजण्यापेक्षा मी तरी आपलं शेंगदाण्याचंच घेईन.

जात ठरली की पुढची पायरी तारीख. इथे लोक चुकतात कारण आपल्याला फक्त एक्सपायरी बघायची सवय. बेस्ट बिफोर बहुतेक वेळा बाटलीत भरल्यापासून दीड ते दोन वर्षांचं धरतात, फळ तोडल्यापासून नाही, मधे तेल टाकीत किती महिने पडून होतं ते कळत नाही. म्हणून बाटलीवर तोडणीचं साल लिहिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. युरोपातली तोडणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणून साल असं २०२३/२४ वगैरे दोन आकड्यात दिसतं. नसेल तर आयात करणाऱ्यानं मागे जे स्टिकर चिकटवलेलं असतं त्यावरची पॅकिंगची तारीख बघा आणि दोन बाटल्यांतली नवी उचला. मागच्या रांगेत हात घालून बघायला लाजू नका, दुधाच्या पिशव्या बघतो तसंच. आणि "एकावर एक फ्री" दिसलं की आधी तारीख, मग आनंद.

मग देश. "इटलीत पॅक केलेलं" आणि "इटलीतलं" यात फरक आहे, स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाचं तेल इटलीत बाटलीबंद होऊन जगभर जातं, यात बेकायदेशीर काही नाही, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सगळ्यात जास्त ऑलिव्ह ऑईल करतो स्पेन, इटली नाही, हे सांगितलं की आमच्याकडे अजून लोकांना खरं वाटत नाही. बाटलीवर फळाची जात लिहिली असेल तर फार बरं, म्हणजे काय मिळणार ते आधी कळतं. स्पेनचं आर्बेकिना गोडसर, मऊ, पहिल्यांदा घेणाऱ्यांनी डोळे मिटून हे घ्यावं. पिक्वाल कडक, कडवट, टोमॅटोच्या पाल्याच्या वासाचं, हाएनचं मुख्य पीक. ग्रीसचं कोरोनेइकी मधलं पण झणझणीतकडे झुकणारं. इटलीच्या पुलिया भागातलं कोरातिना म्हणजे मेथीची भाजी आवडणाऱ्यांसाठी. आपल्या राजस्थानातही इस्रायलच्या मदतीनं ऑलिव्ह लावलेत आणि बिकानेरकडे लूणकरणसरला २०१४ मध्ये तेलाचा कारखाना निघाला, पण पुण्या-मुंबईच्या दुकानात दिसतं ते बहुतेक सगळं बाहेरचंच.

जाता जाता एक मजा, स्पॅनिशमध्ये ऑलिव्हला म्हणतात आथेइतूना, तो शब्द अरबी अझ-झैतूनावरून आला, आणि हिंदीतलं जैतूनही त्याच मुळाचं. मला ग्रानादाच्या बाजारात पहिल्या आठवड्यात जो एक शब्द ओळखीचा वाटला तो हाच.

बाटली गडद काचेची किंवा पत्र्याचा डबा. पारदर्शक बाटलीतलं सोनेरी तेल दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सुंदर दिसतं आणि तिथेच बिघडत असतं, उजेडात तेलातलं हरितद्रव्यच उलटतं. रंगावर जाऊ नका, हिरवं म्हणजे चांगलं असं काही नाही, तेल चाखणारे परीक्षक तर मुद्दाम निळ्या काचेच्या पेल्यात घेतात, रंग दिसूच नये म्हणून. "फर्स्ट कोल्ड प्रेस" वाचून हरखू नका, आता बहुतेक ठिकाणी प्रेसच नसतो, फिरतं यंत्र असतं. युरोपात २७ अंशांच्या आत काढलं तरच "कोल्ड" लिहिता येतं, एवढा अर्थ आहे त्याचा.

किंमत? मी शेवटची अर्धा लिटर सातशेच्या आसपास घेतली. २०२२ नंतर स्पेनमध्ये दुष्काळ पडला, एका हंगामात पीक निम्म्याच्या खाली गेलं आणि भाव भडकले, नंतर पीक सुधारलं तसे उतरले. पण बाकीच्यांच्या अर्ध्या किमतीत एक्स्ट्रा व्हर्जिन मिळत असेल तर शंका घ्याच, लिटरभर तेलाला चार-पाच किलो फळ लागतं. आणि सुटं, बिनलेबलचं तर अजिबातच नको. १९८१ मध्ये खुद्द स्पेनमध्ये दारोदार सुटं विकलेलं स्वस्त "ऑलिव्ह" तेल खाऊन वीसेक हजार लोक आजारी पडले, शेकडो दगावले, ते निघालं कारखान्यासाठीचं रसायन घातलेलं रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या बियांचं तेल. आमची घरमालकीण ते सांगताना अजूनही आवाज खाली आणायची.

आणली बाटली घरी. आता चाखायचं, भाजीत ओतायच्या आधी. लहान वाटीत दोन चमचे घ्या, वाटी तळहातावर धरा, वर दुसऱ्या हातानं झाका, मिनिटभर ऊब द्या. झाकण काढून वास घ्या. मग घोट घेऊन गरम चहा भुरकतो तसं दातांतून हवा ओढायची, सुर्र आवाज आला पाहिजे, मुलं हसतील, हसू द्या. मग गिळा आणि थांबा. ताज्या तेलाला गवत, हिरवा टोमॅटो, कच्चं केळं, असला काहीतरी जिवंत वास असतो, जिभेवर थोडं कडू, आणि घशात ठसका.

सासूबाईंना पहिल्यांदा दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, हे खवखवतंय, खराब निघालं बहुतेक. दुकानदाराला परत करून ये."

"आई, खवखवतंय म्हणूनच चांगलं आहे."

त्यांना वाटलं मी पैसे वाया गेले ते लपवतेय. पण खरंच आहे ते, घशातली ती आग ओलिओकँथल नावाच्या द्रव्याची, २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ते आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीसारखंच काम करतं, आणि ते लक्षात आलं कसं तर सिसिलीत तेल चाखताना एकाला घशात अगदी त्या गोळीच्या द्रावणासारखं झोंबलं म्हणून. म्हणून काय ते औषध म्हणून प्यायचं नाही, चमचाभर तेलात ते अगदी चिमूटभर असतं.

खराब कसं ओळखायचं ते आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. दिवाळी होऊन महिना झाल्यावर चकलीच्या डब्याचा तळ हुंगलाय ना? तोच खवट वास. आणि पावसाळ्यात बंद कपाटातला कुबट वास आला तर ओल्या, बुरशी धरलेल्या फळाचं तेल. आंबूस आला तर ढिगात पडलेल्या फळाचं. यातलं काही आलं तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, ते एक्स्ट्रा व्हर्जिन राहिलेलं नाही. आणि ते फ्रीजमध्ये ठेवून गोठतं का बघायचं, वात लावून जळतं का बघायचं, हे व्हॉट्सॅपवरचे प्रयोग सोडून द्या. थंडीत खोबरेल गोठतं, शेंगदाणाही घट्ट होतो, आणि वात तर कुठल्याही तेलावर जळते. नाक आणि घसा यापेक्षा बरी परीक्षा घरात होत नाही.

आता वापर. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, फोडणीला चालतं का? चालतं. एक्स्ट्रा व्हर्जिनचा धूर साधारण १९० ते २१० अंशांच्या आसपास निघतो, तळणसुद्धा १८० च्या आगेमागे होतं, आणि स्पेनमध्ये लोक बटाट्याचं ऑम्लेट, मासे, अंडी यातच तळतात, काही होत नाही त्यांना. फक्त आपली सवय अशी की तेलातून धूर यायला लागला की मगच मोहरी टाकायची, ती सवय सोडा. मध्यम गॅस, मोहरीचे दोन दाणे टाकून बघा, तडतडले की बाकीची टाका. पण माझं विचाराल तर मी घालत नाही फोडणीत. हिंग, मोहरी, कढीपत्ता, हळद यांच्या गर्दीत त्या महागाच्या वासाचं काही ऐकू येत नाही, आणि ऑलिव्हच्या फोडणीचे पोहे खाल्लेत मी, खाऊ नका. भजी, पुऱ्या, चकल्या यांना शेंगदाणा. वरण-भातावर तूप, यावर चर्चा नको.

मग कुठे घालायचं? शेवटी, वरून, कच्चं. आमच्याकडे जे टिकलं ते सांगते.

वांग्याचं भरीत. वांगं गॅसवर खरपूस भाजायचं, सोलून ठेचायचं, लसूण, मिरची, मीठ, कोथिंबीर, आणि वरून दोन चमचे कोरोनेइकी. यात नवीन काही नाही, लेबनॉनकडे भाजलेल्या वांग्यात तिळाची पेस्ट, लिंबू घालतात आणि वरून हेच तेल सोडतात, त्यांचं बाबा गनूश आणि आपलं भरीत चुलतभावंडं आहेत. खानदेशातली माणसं रागावतील, त्यांना त्यांचा शेंगदाणा लखलाभ.

ज्वारीची गरम भाकरी आणि ठेचा, वर पिक्वाल. हे तर सासूबाईंनीच शोधलं, खवखवतंय म्हणणाऱ्या त्याच. मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर, टोमॅटो-कांदा, उकडलेलं बीट, दह्यातली काकडी, मक्याचे दाणे, टोमॅटोचं सार ताटात वाढल्यावर चमचाभर. घट्ट चक्क्यात मीठ आणि तेल घालून पोळीला लावा, मुलांच्या डब्याला चालतं.

आणि सकाळचा नाश्ता ग्रानादाचा. जाड पाव भाजायचा, लसणाची पाकळी त्यावर घासायची, पिकलेला लालबुंद टोमॅटो किसणीवर किसून पसरायचा, मीठ, आणि तेल, कंजूसपणा न करता, पावाच्या कडेनं ओघळलं पाहिजे. आमच्याकडे जाड पाव नसतो तेव्हा लादीपाव तव्यावर कडक करून करते, नव्वद टक्के जमतं.

लोणच्याला हे तेल घालू नका, फुकट जातं. आणि एक सावधगिरीची गोष्ट, बाटलीत कच्च्या लसणाच्या पाकळ्या घालून "गार्लिक ऑईल" करून ओट्यावर ठेवायची फॅशन आलीय, ते करू नका. तेलाखाली हवा नसते, तिथे बॉट्युलिझम या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वास-चवीवरून कळत नाही. करायचंच तर थोडंसं, फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं.

किती खायचं यावर लोक स्पेनचा एक मोठा अभ्यास दाखवतात, प्रेडिमेड नावाचा, २०१३ मध्ये आला, पद्धतीतल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून परत छापला, साडेसात हजारांच्या आसपास लोक होते आणि एका गटाला घरटी आठवड्याला लिटरभर एक्स्ट्रा व्हर्जिन दिलं होतं. हृदयविकार, पक्षाघाताचे झटके कमी दिसले. पण ती माणसं भाज्या, डाळी, मासेही तशाच पद्धतीनं खात होती. आपण वडापावाच्या जोडीला हे चमचाभर प्यायलो तर नुसत्या कॅलरी वाढतात.

बाळाच्या मालिशचं विचारतात म्हणून सांगते, औषधाच्या दुकानातला तो छोटा डबा आपल्या सगळ्यांच्या लहानपणात आहे, पण कोरड्या, खाज येणाऱ्या त्वचेला ऑलिव्ह बरं नाही असं हल्ली डॉक्टर सांगतात, यातलं ओलेइक आम्ल त्वचेचा वरचा थर सैल करतं. तेव्हा बाळाच्या डॉक्टरांना विचारून लावा.

शेवटची पायरी साठवण, आणि इथे माझीच फजिती. उजेड, उष्णता, हवा हे तीन शत्रू. बाटली गॅसच्या शेजारी नको, खिडकीत नको, खालच्या बंद कपाटात ठेवा, बूच घट्ट. तांब्या-पितळेच्या भांड्यात काढू नका, त्या धातूंनी लवकर खवटतं, स्टील किंवा गडद काच चालेल. फ्रीजची गरज नाही, ठेवलंत तर घट्ट-पांढुरकं होईल, बाहेर काढल्यावर परत ठीक होतं. फोडलेली बाटली दीड-दोन महिन्यांत संपवायची, म्हणून चार माणसांच्या घरात अर्धा लिटरच आणा. हे सगळं मला माहीत होतं. तरी परत आल्यावर पहिल्याच वर्षी ऑफर बघून पाच लिटरचा डबा आणला, स्पेनमध्ये सगळे आणतात म्हणून. तिकडे आमच्या खालच्या घरात तो डबा महिन्यात संपायचा, इथे फेब्रुवारीत फोडला, गॅसच्या वरच्या फळीवर ठेवला आणि एप्रिल-मेचा उन्हाळा त्यानं तिथेच काढला. जूनमध्ये कोशिंबिरीवर घातलं आणि नवऱ्यानं पहिला घास घेऊन विचारलं, "यात चिवडा घातलायस का?" मोठा डबा आणायचाच असेल तर त्याच दिवशी छोट्या गडद बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा, वर हवेला जागा न सोडता, आणि एकेक फोडा.

त्या डब्यात साडेतीन लिटर उरलं होतं. स्पेन-इटलीत खाण्यालायक न राहिलेल्या कच्च्या तेलाच्या जातीचं अधिकृत नावच लाम्पान्ते आहे, म्हणजे दिव्याचं तेल, पूर्वी ते दिव्यालाच जायचं. सासूबाईंना हे सांगितलं. देवापुढच्या समईत घालायला त्यांनी साफ नकार दिला, पण तुळशीपाशी आणि जिन्यात चालेल म्हणाल्या. दोन दिवाळ्या आमच्या पणत्या त्यावर जळल्या, आणि जिन्यातून येणारा प्रत्येकजण विचारायचा, कोणाकडे चकल्या चालल्यात.